यॉट : पाठलागापासून विहारापर्यंत

काही शब्द एक चित्र सोबत घेऊनच भाषेत येतात आणि मग त्या चित्राआड त्यांचा अर्थ दडून राहतो. ‘यॉट’ हा असाच एक शब्द आहे. उद्योगपतीच्या घरच्या विवाहसोहळ्याची बातमी असो, चित्रपटतारकांच्या सुटीची छायाचित्रे असोत किंवा मुंबईच्या गेटवे परिसरातून तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सागरी सफरीची जाहिरात असो, यॉट म्हटले की पांढरीशुभ्र, निमुळती, आलिशान बोट डोळ्यांपुढे उभी राहते. याच शब्दाच्या पोटात मात्र शाळकरी मूल एकट्याने हाकते ती जेमतेम अडीच मीटर लांबीची शिडाची होडीही सामावते. ब्रिटनच्या राणीचे सव्वाशे मीटर लांबीचे, वाफेच्या टर्बाइनवर चालणारे जहाजही यॉटच होते. चारशे वर्षांपूर्वी तोफा घेऊन समुद्रात उतरणारे डच जहाजही यॉटच म्हणवले जात असे.

मग यॉट म्हणजे नेमके काय? तिला शीड हवेच का? ती मोठी हवी की लहान? महाग असणे ही तिची अट आहे काय? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. यॉट हे नौकेच्या बांधणीचे नाव नाही, तिच्या प्रयोजनाचे नाव आहे. नौका कशी आहे यापेक्षा ती कशासाठी पाण्यात उतरली आहे, यावरून ती यॉट ठरते. शब्द जन्मला तेव्हाही तो प्रयोजनावरूनच जन्मला. बदलले ते प्रयोजन.

शिकारीच्या घरातला शब्द

यॉट हा शब्द इंग्रजीचा स्वतःचा नव्हे. तो आला डच व उत्तर जर्मन किनाऱ्यावरील भाषांतून. डच भाषेत ‘याख्त’ म्हणजे शिकार किंवा पाठलाग. ‘याख्तस्खिप’ म्हणजे पाठलागाचे जहाज. त्याचेच लघुरूप ‘याख्त’. मौजमजेशी या शब्दाचा तेव्हा काही संबंध नव्हता. नेदरलँड्सचा किनारा उथळ, वाळूच्या दांड्यांनी भरलेला आणि खाड्या-कालव्यांनी चिरलेला. अशा पाण्यात अवजड जहाजाचा तळ लागण्याची भीती कायम. त्यामुळे पाण्याखाली कमी बुडणारी, हलकी, वेगवान आणि चटकन वळणारी जहाजे तेथे विकसित झाली. चाचे आणि चोरटा माल नेणारे यांचा पाठलाग करणे, तातडीचे निरोप पोहोचवणे, अधिकाऱ्यांची ने-आण करणे आणि मोठ्या ताफ्यापुढे जाऊन वाट तपासणे ही त्यांची कामे होती.

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या ताफ्यातही या वर्गाची जहाजे होती. १६०६ साली विलेम यान्सझोन या कप्तानाने ज्या जहाजातून ऑस्ट्रेलियाचा किनारा गाठला, ते ‘डाउफकेन’ या वर्गातलेच. नावाचा अर्थ ‘छोटे कबूतर’. युरोपीयांच्या ऑस्ट्रेलिया-भेटीची पहिली लिखित नोंद आहे ती याच सफरीची. ज्या शब्दाला आज आराम चिकटला आहे, तो शब्द अनोळखी समुद्र धुंडाळणाऱ्या जहाजासाठी वापरला जात होता. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला याच कंपनीची वखार होती आणि तिचे भग्न अवशेष आजही तेथे आहेत. तेव्हा डच जहाजांचे हे कुळ कोकणच्या किनाऱ्याला अगदीच अनोळखी नसावे.

स्पेलिंगमध्ये आहे, उच्चारात नाही

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्यास आला. त्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १५५७ची आहे. पण तो येताना एक अडचण घेऊन आला. डच शब्दाच्या मध्यभागी घशातून येणारा, ‘ख’च्या जवळ जाणारा खरखरीत ध्वनी आहे. मराठी माणसाला तो फारसा अवघड वाटणार नाही, पण तत्कालीन लंडनच्या बोलण्यातून असे ध्वनी नाहीसे होत चालले होते. परिणामी ज्याने त्याने कानाला जसे वाटले तसे लिहिले. पुढची शंभर-दीडशे वर्षे या एका शब्दाची कितीतरी रूपे इंग्रजी कागदपत्रांत आढळतात. अखेर जे स्पेलिंग स्थिरावले ते डच वळणाचे होते, उच्चार मात्र इंग्रजी वळणाचा झाला. मधली ‘सी’ आणि ‘एच’ ही दोन अक्षरे लिहायची, पण उच्चारायची नाहीत, अशी परंपरा पडली.

म्हणूनच स्पेलिंग पाहून ‘याच्ट’ असा उच्चार करणे चुकीचे ठरते. ब्रिटिश उच्चार ‘यॉट’ आणि अमेरिकी उच्चार ‘याट’च्या जवळचा. मराठीत ‘यॉट’ हेच रूप रूढ आहे आणि तेच योग्य. गंमत अशी, की इंग्रजीने टाकून दिलेला तो ‘ख’ इतरत्र सुखरूप राहिला आहे. जर्मनीत आजही ‘याख्ट’ म्हणतात आणि रशियनमध्ये ‘याख्ता’.

राजाने बदललेला अर्थ

पाठलागाचे जहाज विहाराचे कसे झाले, याचे श्रेय बव्हंशी एका राजाकडे जाते. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स वडिलांच्या वधानंतर अनेक वर्षे परागंदा होता. त्यातला काही काळ त्याने डच भूमीवर काढला आणि तेथे त्याला नौकांची गोडी लागली. डच धनिकांनी या वेगवान जहाजांचा एक नवा उपयोग तोवर शोधून काढला होता. जी नौका चाच्याला गाठू शकते, ती मालकाला आणि त्याच्या पाहुण्यांना कालव्यातून ऐटीत फिरवूनही आणू शकते, हे त्यांना उमगले होते.

१६६० साली चार्ल्सला राज्य परत मिळाले, तेव्हा ॲमस्टरडॅम शहराने त्याला ‘मेरी’ नावाची यॉट भेट दिली. सुमारे १०० टनांची ही नौका ८ तोफा बाळगून असली, तरी तिचा मुख्य उपयोग राजाच्या जलविहारासाठी झाला. इंग्लंडमध्ये लगेच तशा नौका बांधल्या जाऊ लागल्या. १ ऑक्टोबर १६६१ रोजी राजा आणि त्याचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क यांनी आपापल्या यॉट थेम्स नदीत उतरवून ग्रीनिच ते ग्रेव्हझेंड आणि परत अशी शर्यत लावली. पैज होती १०० पौंडांची. इंग्लंडमधील यॉट-शर्यतींचा इतिहास सांगताना याच दिवसापासून सुरुवात करण्याची प्रथा आहे.

चार्ल्सने आपल्या कारकिर्दीत वीसहून अधिक यॉट बाळगल्या. त्यांतल्या एकीला त्याने ‘फब्स’ हे नाव दिले. ते त्याच्या एका प्रेयसीचे लाडके टोपणनाव होते आणि त्याचा अर्थ ‘गुबगुबीत’ असा होता. मूळची ‘मेरी’ मात्र १६७५ साली वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ खडकावर आदळून बुडाली आणि तिचे अवशेष जवळजवळ तीनशे वर्षांनी, १९७१मध्ये पाणबुड्यांना सापडले. तोवर तिच्या जातीच्या नावाचा मूळ अर्थ इंग्रजी बोलणाऱ्यांच्या विस्मरणात गेला होता. डच माणसाच्या कानाला ‘याख्त’ म्हटल्यावर अजूनही शिकार ऐकू येते. इंग्रजी कानाला फक्त विहार.

क्लब, चषक आणि प्रतिष्ठा

राजाचा छंद उमरावांकडे आणि उमरावांकडून धनिक व्यापाऱ्यांकडे झिरपला. आयर्लंडमधील कॉर्क येथे १७२० साली स्थापन झालेला जलक्लब हा जगातील सर्वांत जुना यॉट क्लब मानला जातो. १८१५मध्ये लंडनमध्ये ‘द यॉट क्लब’ निघाला. पुढे राजकृपेने तो ‘रॉयल यॉट स्क्वाड्रन’ झाला. १८५१ साली याच क्लबने इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटाभोवती शर्यत आयोजित केली. न्यूयॉर्कहून आलेल्या ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने ती जिंकली. त्या नौकेच्याच नावाने ‘अमेरिकाज कप’ हा चषक प्रसिद्ध झाला. तो अमेरिकेबाहेर जाण्यास १९८३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ‘ऑस्ट्रेलिया-२’ने १३२ वर्षांची ती मक्तेदारी मोडली.

या काळात यॉट हा शब्द समाजातील स्थान दाखवणारा शब्दही बनला. चहाच्या व्यापाराने जगभर नाव कमावलेले सर थॉमस लिप्टन यांचे उदाहरण बोलके आहे. १८९९ ते १९३० या काळात त्यांनी हा चषक परत आणण्यासाठी पाच वेळा स्वतःच्या यॉट उतरवल्या आणि पाचही वेळा ते हरले. पैसा, नौका आणि लोकप्रियता हे सारे असूनही मूळ दुकानदारीचा शिक्का बसलेल्या या गृहस्थाला रॉयल यॉट स्क्वाड्रनचे सदस्यत्व मिळाले ते थेट आयुष्याच्या अखेरीस. यॉट विकत घेता येत असे. त्या शब्दाभोवतीचे वर्तुळ विकत घेता येत नसे.

मुंबईत हा शब्द आला तोही अशाच वर्तुळासह. १८४६मध्ये येथे यॉट क्लब स्थापन झाला आणि १८७६मध्ये त्याला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. अपोलो बंदरावरील या क्लबवर परकीय राजवटीत युरोपीयांचेच वर्चस्व होते. सामान्य मुंबईकराच्या लेखी तो बाहेरून पाहण्याचा भाग होता. मात्र इतिहासाने येथे एक सुखद वळण घेतले. क्लबची जुनी वास्तू १९४९ साली डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वापरात आली. कुलाब्याची नवी वास्तू उभी राहीपर्यंत संस्थेचे काम तेथून चालले. भारतीय अणुविज्ञानाच्या पहिल्या पिढीच्या आठवणींत ‘ओल्ड यॉट क्लब’ हे नाव वारंवार येते ते त्यामुळेच. यॉटशी कधीही संबंध न आलेल्या शास्त्रज्ञांच्या तोंडी हा शब्द रुळला, तो कामाचा पत्ता म्हणून.

शीड गेले, नाव राहिले

एकोणिसाव्या शतकात वाफेचे इंजिन आले आणि यॉटचा शिडाशी असलेला संबंध सुटला. आता यॉटचे दोन ठळक प्रकार मानले जातात, शिडाची ‘सेलिंग यॉट’ आणि इंजिनाची ‘मोटर यॉट’. शिडाच्या यॉटलाही बहुधा लहानसे इंजिन असतेच. बंदरात शिरताना आणि वारा पडल्यावर ते उपयोगी पडते. आकाराची अट तर कधी नव्हतीच. १९५३मध्ये जलावतरण झालेली आणि १९९७मध्ये सेवेतून निवृत्त झालेली ‘ब्रिटानिया’ १२५ मीटरांहून अधिक लांब होती, आणि युद्धप्रसंगी तिचे रुग्णालय-जहाज करता येईल अशी तिची आखणी होती. तरीही ती ‘रॉयल यॉट’च. २०१३मध्ये जर्मनीत बांधून पूर्ण झालेल्या ‘अझ्झाम’ या खासगी यॉटची लांबी तर १८० मीटर आहे.

रोजच्या इंग्रजीत मात्र आकाराचा काहीसा विचार होतो. दोन-तीन माणसांच्या उघड्या होडीला कोणी यॉट म्हणत नाही. झोपण्याची खोली, स्वयंपाकाची सोय आणि स्वच्छतागृह असलेली, म्हणजे एखादी रात्र पाण्यावर काढता येईल अशी खासगी नौका असली की तिला यॉट म्हणण्याचा प्रघात आहे. सुमारे २४ मीटरांपुढील यॉटसाठी ‘सुपरयॉट’ हा शब्द वापरतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. ब्रिटनने १९९७मध्ये मोठ्या व्यावसायिक यॉटसाठी जी सुरक्षा-नियमावली केली, ती २४ मीटर व त्यापुढील नौकांना लागू होती. माल न वाहणाऱ्या आणि १२ पेक्षा अधिक प्रवासी न नेणाऱ्या नौकांपुरतीच ती मर्यादित होती.

बारा हा आकडाही महत्त्वाचा आहे. ‘टायटॅनिक’च्या दुर्घटनेनंतर जन्मलेल्या आणि वेळोवेळी सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय समुद्रसुरक्षा करारानुसार १२ पेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरते आणि त्याला कितीतरी कडक नियम लागू होतात. याच करारात विहाराच्या यॉटना सूट आहे, पण तिलाही अट आहे. ती यॉट व्यापारात नसावी. म्हणजे कायद्याच्या भाषेतही यॉटची ओळख लाकूड, पोलाद, शीड वा इंजिन यांवरून होत नाही. कोण, कशासाठी आणि किती जणांना घेऊन जात आहे, यावरून होते. १९ ऑगस्ट २०२४ रोजी सिसिलीच्या किनाऱ्याजवळ ‘बायेशियन’ ही ५६ मीटरांची शिडाची सुपरयॉट वादळी वाऱ्यात बुडाली आणि ७ जणांचा मृत्यू झाला. तिच्यावर २२ माणसे होती, १० कर्मचारी आणि १२ पाहुणे. पाहुण्यांच्या संख्येतला तो बाराचा आकडा या नियमाची आठवण करून देतो. ऐश्वर्य समुद्राला दिसत नाही, हेही त्या रात्रीने दाखवून दिले.

या भेदाचा संबंध सामान्य वाचकाशीही येतो. वाढदिवसासाठी वा लग्नापूर्वीच्या छायाचित्रणासाठी तासाच्या भाड्याने घेतलेली बोट जाहिरातीत यॉट म्हणवते. पण भाडे देऊन तिच्यावर चढणारा माणूस प्रवासी असतो. तेव्हा बोटीच्या नावापेक्षा तिला किती प्रवाशांचा परवाना आहे आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे की नाही, हे पाहणे अधिक गरजेचे. शब्दाच्या झगमगाटात हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो.

खेळाने टाकलेले नाव

यॉटवरून ‘यॉटिंग’ झाले आणि शिडाच्या नौकांची शर्यत याच नावाने ऑलिंपिकमध्ये गेली. तिथे मात्र या शब्दाला चिकटलेली श्रीमंती अडचणीची ठरू लागली. ऑलिंपिकमधील बहुतेक नौका लहान, एक-दोन माणसांनी चालवायच्या. त्यांत ना खोली, ना इंजिन. खेळाडू वारा, लाट आणि स्वतःच्या शरीराचा तोल यांच्या जोरावर झुंजतो, आणि बाहेरच्यांना वाटते की हा सुखवस्तूंचा विरंगुळा. अखेर २०००च्या सिडनी ऑलिंपिकपासून या खेळाचे अधिकृत नाव ‘सेलिंग’ झाले. आंतरराष्ट्रीय महासंघानेही १९९६मध्ये आपल्या नावातून यॉट शब्द वगळला. भारतातील महासंघ मात्र आजही ‘यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया’ म्हणूनच ओळखला जातो.

भारतीय खेळाडूंची कामगिरी पाहिली की हा नामबदल का झाला ते कळते. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकले. नव्वदच्या दशकात होमी मोतीवाला आणि पुष्पेंद्रकुमार गर्ग यांना याच खेळासाठी देशाचा सर्वोच्च क्रीडापुरस्कार ‘खेलरत्न’ मिळाला. नेत्रा कुमानन ही टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरून या खेळात ऑलिंपिकला गेलेली पहिली भारतीय महिला ठरली. आणि २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातील शेतकरी कुटुंबातली मुलगी. ती हा खेळ शिकली समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, भोपाळच्या तलावावर. तिच्या नावापुढे ‘यॉटिंग’ लिहिले की डोळ्यांपुढे जे चित्र येते, ते तिच्या जगण्याशी मुळीच जुळत नाही.

मराठी क्रीडापानांवर याच ठिकाणी आणखी एक घोटाळा होतो. ‘नौकानयन’ हा एकच शब्द वल्ह्यांच्या आणि शिडांच्या अशा दोन्ही शर्यतींसाठी वापरला जातो. नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ याने २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भाग घेतला आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक जिंकले, तो खेळ ‘रोइंग’ होता. म्हणजे वल्ह्यांचा, बाहू आणि पाय यांच्या ताकदीचा. त्यालाही नौकानयन म्हटले गेले आणि नेहाच्या खेळालाही. दोन्ही खेळांत पाणी आणि नौका एवढेच काय ते समान. एकाला ‘वल्ह्यांची शर्यत’ आणि दुसऱ्याला ‘शिडांची शर्यत’ म्हटले, तर बातमी वाचणाऱ्याला खेळ तरी कळेल.

म्हादईचे उदाहरण

यॉट या शब्दाची दुसरी, खडतर बाजू पाहायची तर गोव्याकडे पाहावे लागते. मांडवी नदीतील दिवाडी बेटावरील एका जहाजबांधणी कारखान्यात ५६ फुटांची शिडाची नौका तयार झाली आणि २००९मध्ये ती भारतीय नौदलात दाखल झाली. गोव्याच्या जीवनदायिनी नदीवरून तिचे नाव ठेवले ‘म्हादई’. तिचा आराखडा नेदरलँड्समधील एका नामांकित नौकारचनाकार संस्थेचा होता. ज्या भूमीत यॉट हा शब्द जन्मला, तेथील रेखाटन आणि कारागीर गोव्याचे, असा हा योग.

याच नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत चार ठिकाणी थांबून ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात कोठेही न थांबता तीच प्रदक्षिणा केली. ‘म्हादई’ची बहीण शोभणाऱ्या ‘तारिणी’तून २०१७-१८मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी आणि २०२४-२५मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोघीच जगाला वळसा घालून गोव्यात परतल्या.

रचनेने या दोन्ही नौका यॉटच आहेत. परदेशातील कोणत्याही बंदरात त्यांच्या जातीची नौका त्याच नावाने ओळखली जाते. तरीही नौदलाने त्यांना अधिकृत नाव दिले ‘इंडियन नेव्हल सेलिंग व्हेसल’, म्हणजे नौदलाचे शिडाचे जहाज. दक्षिणेच्या वादळी समुद्रात डोलकाठीच्या उंचीच्या लाटा झेलत महिनोन्‌महिने काढणाऱ्या नौकेचे प्रयोजन विहार नव्हते, प्रशिक्षण आणि कर्तव्य होते. तेव्हा तिला वेगळे नाव मिळाले, ते शब्दाच्या स्वभावाला धरूनच झाले.

मराठीत काय म्हणावे?

मराठीला नौकांच्या नावांची वाण कधीच नव्हती. होडी, नाव, मचवा, पडाव, शिबाड, तारू, गुराब, गलबत अशी मोठी नामावळी आपल्याकडे आहे. यांतील गलबताची कथा डच याख्तशी मिळतीजुळती आहे. आंग्र्यांच्या आरमारात गलबते ही हलकी, चपळ, शीड आणि वल्ही दोन्हींवर चालणारी लढाऊ नौका होती. अवजड परकीय जहाजांना उथळ पाण्यात गाठणे हे तिचे काम. इंग्रजांनी त्यांचा इतका धसका घेतला, की ‘गॅलिव्हॅट’ आणि ‘ग्रॅब’ ही रूपे त्यांच्या कागदपत्रांत कायमची शिरली. दोन्ही नौकांचा स्वभाव एक, पण नशीब वेगळे. डच नौकेला राजाचा छंद लाभला आणि तिचे नाव जगभर गेले. गलबत किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीत उरले आणि पुढे इतिहासाच्या पुस्तकांत.

विहारासाठी वेगळी नौका ही कल्पनाही आपल्याकडे नवी नाही. भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात नौकांचे वर्गीकरण त्यांच्यावरील खोल्यांच्या जागेवरून केले आहे. त्यातील ‘मध्यमंदिरा’, म्हणजे मध्यभागी कक्ष असलेली नौका, राजांच्या विलासयात्रेसाठी सांगितली आहे. ‘अग्रमंदिरा’ लांबच्या प्रवासासाठी आणि युद्धासाठी. येथेही रचनेच्या जोडीने प्रयोजन आलेच.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. यॉटला बांधलेल्या छोट्या होडीला इंग्रजीत ‘डिंघी’ म्हणतात. तो शब्द भारतीय भाषांतील ‘डिंगी’पासून गेला. दोन समांतर तळांच्या महागड्या यॉटला ‘कॅटमरान’ म्हणतात. तो तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडे. तमिळ कोळ्याच्या ओंडक्यांच्या तराफ्याचे नाव इंग्रजीत जाऊन धनिकांच्या नौकेला मिळाले. तोच शब्द पुढे परत येऊन गेटवे ते मांडवा प्रवास करणाऱ्या अलिबागकराच्या रोजच्या बोलण्यात स्थिरावला आहे.

आता प्रश्न उरतो तो मराठी प्रतिशब्दाचा. ‘बोट’ म्हणून भागत नाही, कारण मराठीत बोट हा शब्द फार ऐसपैस झाला आहे. इंग्रजीत बोट म्हणजे सहसा लहान नौका. मराठीत मात्र आगबोटीपासून सारे काही बोटच. १७ जुलै १९४७ रोजी सहाशेहून अधिक प्रवाशांसह बुडालेली ‘रामदास’ आजही कोकणी माणसाच्या तोंडी ‘रामदास बोट’च आहे. ‘जहाज’ म्हटले तर मालवाहू अजस्र धूड डोळ्यांपुढे येते. ‘क्रूझ’ म्हणणे तर सरळ चूक. क्रूझ म्हणजे सफर, आणि त्या सफरीचे जहाज म्हणजे शेकडो-हजारो तिकीटधारी प्रवाशांचे तरंगते हॉटेल. यॉट खासगी असते, मोजक्या माणसांची असते.

आपल्याकडे ‘नौकाविहार’ हा सुंदर शब्द रूढ आहेच. त्यावरून ‘विहारनौका’ सहज होतो, आणि तो यॉटच्या प्रयोजनावर नेमके बोट ठेवतो. शर्यतीच्या संदर्भात ‘क्रीडानौका’ वा ‘शिडाची होडी’ म्हणावे. प्रदक्षिणेच्या नौकेला ‘शिडाचे जहाज’ म्हणावे. आणि जेथे यॉट हाच शब्द अधिक ओळखीचा वाटेल, तेथे तो बिनदिक्कत वापरावा. शब्द परका आहे म्हणून हद्दपार करण्याचे कारण नाही. एवढे पथ्य मात्र पाळावे, की ‘आलिशान’ हे विशेषण सवयीने त्याच्यामागे जोडू नये. ते जोडले की भोपाळच्या तलावावरची मुलगी आणि गोव्यात परतलेल्या दोघी अधिकारी त्या शब्दातून बाहेर पडतात, आणि चारशे वर्षांचा प्रवास केलेला एक कष्टाळू शब्द निव्वळ श्रीमंतीचा फलक होऊन बसतो.